एल्डनकाकांनी बांधलेली घोडी

एल्डनकाकांना माणसं आवडत नाहीत असं गावात म्हणतात, पण ते खरं नाही. आवडतात. फक्त ती बोलायला लागली की काकांना काहीतरी काम आठवतं. आयुष्यभर त्यांनी काउंटीचं बर्फ काढायचं यंत्र चालवलं. सगळं गाव झोपलेलं असताना निघायचं, रिकाम्या रस्त्यावर नाकासमोर बघत जायचं आणि मागच्या गाडीनं कितीही हॉर्न वाजवला तरी वेग बदलायचा नाही, असं ते काम. स्वभावाला इतकी साजेशी नोकरी फार थोड्यांना मिळते. निवृत्त झाल्यावर ते बायकोच्या, म्हणजे माझ्या अर्लिसमावशीच्या स्वयंपाकघरात येऊन बसू लागले आणि दोघांचीही पंचाईत झाली.

यातून सुटका वर्षातून एकदाच. सप्टेंबर उतरणीला लागला, अ‍ॅस्पेनची पानं पिवळी पडली, की काका हरणाचा परवाना खिशात घालून, दोन घोड्या आणि एक खेचर अशी तीन जनावरं घेऊन एकटेच डोंगरात जातात. गावामागच्या रांगेत अगदी वर, झाडं संपतात तिथं, एक खोलगट जागा आहे. आम्ही तिला बादली म्हणतो. तिन्ही बाजूंनी कडे, मध्ये गवत आणि एक झरा. तिथं काका तंबू ठोकतात आणि बोलणं बंद करतात. घोड्यांशी बोलतात म्हणे, पण तेही कामापुरतं.

बादलीचं आणखी एक आकर्षण आहे. आमच्या चर्चच्या शिकवणीत कॉफी पिणं बसत नाही, घरीसुद्धा. काका रविवारी पहिल्या बाकावर बसणारे. गावात कधी घोट घेतलेला नाही. पण त्यांच्या पेटाऱ्यात जाड लोकरी मोज्यात गुंडाळलेला एक पत्र्याचा डबा असतो. मला माहीत आहे, कारण पेटारे बांधायला मीच असतो. आपलं हे बिंग मावशीला ठाऊक नाही अशी काकांची पक्की समजूत आहे. सेजच्या झुडपाच्या काटक्यांवर उकळलेली, तळाशी चिखल उरणारी ती कॉफी, समोर कडा, आणि कडेला कुणी नाही. हरीण हे त्याच्या नंतर.

या वर्षी मात्र सगळं धोक्यात आलं. वसंतात काका गवताच्या गंजीवरून पडले आणि खांद्याचं हाड मोडून उन्हाळाभर आरामखुर्चीत अडकले. मग एका रविवारी जेवणाच्या टेबलावर ड्वाइटमामांनी विषय काढला. ड्वाइटमामा म्हणजे मावशीचे आणि माझ्या आईचे थोरले भाऊ. चर्चमधलं बडं प्रस्थ. तेही डोंगरात जातात, पण त्यांचा तळ गाडीरस्त्याला लागून असतो. तंबूत शेगडी, बाहेर जनरेटर, घडीचे पलंग आणि त्यांच्यासारखेच सहा-सात जण. रोज सकाळी प्रार्थना, रोज संध्याकाळी प्रार्थना, आणि मधल्या वेळात ड्वाइटमामा.

सत्तरी ओलांडलेल्या माणसानं एकट्यानं वर जाणं म्हणजे बायकोच्या जिवाला घोर लावणं, असं ते बटाटे वाढून घेत म्हणाले. आमच्याबरोबर चल, एक पलंग रिकामा आहे. काकांनी ग्रेव्ही मागितली. मामांनी पुन्हा सांगितलं. काकांनी मीठ मागितलं. शेवटी मावशीनंच तोडगा काढला. या वर्षी जा, पण तुला आणायला कुणाला वर जावं लागलं, तर पुढच्या वर्षीपासून ड्वाइटच्या तळावर. काकांनी थोडा वेळ त्या रिकाम्या पलंगाचा विचार केला असावा, कारण चेहरा उतरला होता. मग हात पुढं केला. मामांनी तो जोरात हलवला. आमच्याकडे हात मिळवला म्हणजे झालं, वकील लागत नाही.

वर आणखी एक अट आली. मुठीएवढं नारिंगी यंत्र, ते आभाळातल्या उपग्रहाशी बोलतं आणि मावशीच्या फोनवर नकाशात एक ठिपका दाखवतं. हे बरोबर ठेवायचं. काकांनी ते दोन बोटांत, मेलेला उंदीर धरावा तसं धरलं आणि खेचराच्या ओझ्याच्या खोगिराला अडकवून टाकलं. तिथून आभाळ चांगलं दिसतं, म्हणाले.

आता जनावरांचं सांगतो, कारण सगळा घोटाळा तिथंच झाला. एकटा माणूस तीन जनावरं घेऊन वर जातो तेव्हा तिघांना बांधून ठेवत नाही. बांधली तर चरणार काय? कळपात एक म्होरकी असते. तिला लांब दाव्यानं खुंट्याला बांधायचं, गळ्यात घंटा अडकवायची आणि बाकीच्यांना मोकळं सोडायचं. म्होरकीला सोडून ती कुठं जात नाहीत. काकांची म्होरकी म्हणजे डचेस, उंच, तपकिरी, मान ताठ. तिच्यामागं डीकन नावाचं खेचर. आणि तिसरी पिकल, नातींना बसायला म्हणून घेतलेली बुटकी, केसाळ घोडी. पिंपाला पाय फुटले तर जे दिसेल ते.

जुलैत एके दुपारी डचेस पाण्याच्या टाकीकडे निघाली होती, आधी पिण्याचा मान तिचा. पिकलनं कान मागं टाकले, फिरली आणि एक लाथ दिली. डचेस बाजूला झाली. पिकल सावकाश पाणी प्यायली, मग डीकननं तिच्या शेजारी तोंड घातलं. झालं सत्तांतर. मावशीनं खिडकीतून पाहिलं, मी कुंपणावरून पाहिलं, पोस्टमननं गाडी थांबवून पाहिलं. काका आरामखुर्चीत होते. मावशीनं त्यांना सांगितलंही. डचेस तिला खेळवतेय, असं म्हणून त्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

ठरल्या दिवशी मी माझ्या गाडीला ट्रेलर जोडून चौघांना डोंगराच्या पायथ्याशी, रस्ता संपतो तिथं सोडून आलो. त्यानंतर वर काय झालं ते काकांनीच सांगितलेलं आहे, तेव्हा हरणाचं माप आपापल्या हिशोबानं कमी करून घ्यावं.

काही दिवस त्यांना माद्या आणि पोरसवदा नर तेवढे दिसले. काकांची तक्रार नव्हती. मग एका संध्याकाळी कड्याखालच्या दगडांत, दुर्बिणीत, आधी दोन मोठे कान दिसले. त्यांच्या वर शिंगं. हरीण बसलं होतं, तोंड वाऱ्याकडे, पाठ कड्याला. काका डचेसला झाडीत ठेवून पोटावर सरपटत गेले. दुखऱ्या खांद्याला बंदुकीचा दस्ता लावायचा म्हणजे काय, हे उन्हाळाभर त्यांच्या मनात घोळत होतं. मनात होतं तसं दुखलंच नाही, त्याहून जास्त दुखलं, असं म्हणाले. पण गोळी एकच लागली. परवान्याची चिठ्ठी शिंगाला बांधली, हरीण सोलून, तुकडे कापडी पिशव्यांत भरून, अस्वलाला पोचणार नाही अशा उंचीवर झाडाला टांगले आणि तळावर परतले.

सकाळी गवतावर दहिवर गोठलेलं होतं. काकांनी तिघांवर खोगिरं चढवली. निघायच्या आधी जनावरांना थोडं चरू द्यावं म्हणून डचेसला खुंट्याला बांधलं, दोघांना मोकळं सोडलं, आणि आपण चुलीकडे तोंड करून शेवटची कॉफी घेत बसले. मागं घंटा वाजत होती. घंटा वाजतेय म्हणजे सगळं जागेवर आहे. दुसरा कप ओतला. घंटा वाजतच होती, जरा जास्तच जोरात. वळून बघितलं तर डचेस दाव्याला हिसके देत खाली वाटेकडे तोंड करून खिंकाळत होती, आणि बाकी कुरण मोकळं होतं.

पिकलला थंडी वाजली असेल, किंवा घरचा ओटचा खुराक आठवला असेल. म्होरकी निघाली. डीकन तिच्या शेपटीमागं, खोगिरावर नारिंगी यंत्र लुकलुकत.

इकडे सकाळी मावशीचा फोन आला म्हणून मी तिच्याकडे गेलो. अंगणात पाऊल टाकलं तर खिडकीतून वास. तो वास मी ओळखतो. पेटाऱ्यातल्या मोज्याला तोच येतो. मी आत गेलो तेव्हा मावशीनं कप ब्रेडच्या डब्यामागं सरकवला. पाय स्टुलावर, मांडीवर रंगीत मासिक, सिंकमध्ये कालची भांडी. एवढी निवांत मावशी मी कधी पाहिली नव्हती.

"टोस्ट करपला," ती म्हणाली.

मी म्हटलं, वास छान आहे टोस्टचा. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचं वाक्य गिळलं. मग फोन पुढं केला. ठिपका बादलीतून निघून झपाझप खाली येत होता. काका वेळेआधी परत येताहेत, ट्रेलर घेऊन जा, असं तिनं सांगितलं. एखाद्या बाईला नवरा सुखरूप येतोय याचा आनंद व्हायला हवा. मावशी फोनकडे बघून पुटपुटली, "एवढी काय घाई होती याला."

पायथ्याशी पोचलो. लाकडी खांबाशी पिकल उभी, डोळे अर्धे मिटलेले. तिच्या पाठीशी डीकन. ओझं नाही, काका नाहीत, डचेस नाही. मी हाका मारल्या. ओढ्याचा आवाज तेवढा आला.

आता पंचाईत बघा. तिथं फोन लागत नाही. गावात जाऊन सांगावं, तर ड्वाइटमामा तासाभरात शेरीफची माणसं, दोर, स्ट्रेचर आणि एक प्रार्थना घेऊन वर निघणार. काका तंदुरुस्त असले तरी पुढच्या वर्षी पलंगावर. मी स्वतः वर जावं, तरी करार मोडतोच. आणि न जावं, तर? खांदा मोडका, वय झालेलं, वर अस्वलं. ते कुठं दगडांत पडले असतील आणि मी इथं खांबाला टेकून करारातले शब्द मोजतोय, हे काही बरं दिसेना. मी पिकलवरचं ओझ्याचं खोगीर उतरवलं आणि तिच्या उघड्या पाठीवर चढलो.

माझे पाय जवळजवळ जमिनीला लागत होते. लोक घोड्यावर बसून डोंगर चढतात; आम्ही दोघं मिळून चढलो. पिकल नुकतीच घरच्या वाटेला लागली होती आणि परत वर जायची कल्पना तिला मान्य नव्हती. दर वळणावर ती थांबे. मी टाचा मारी, विनवण्या करी, शेवटी उतरून ओढी. मग चार पावलं. डीकन मागं, ती थांबली की थांबे, निघाली की निघे. नारिंगी यंत्र खोगिरावर होतं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

अर्ध्या वाटेवर, ओढा ओलांडायच्या जागी, समोरून घंटा ऐकू आली. काका पायी येत होते, हातात डचेसचा दोर. तिच्या खोगिराच्या दोन्ही बाजूंना पिशव्या, वर शिंगं, सगळं समतोल, एक गाठ सैल नाही. काकांना ओरखडासुद्धा नव्हता. मला इतकं हायसं वाटलं की मी उतरताना पडलो.

काकांनी मला पडलेला बघितलं, उठलेला बघितलं.

"तुला वर पाठवलं कुणी?"

"कुणी नाही, काका. मावशीनं ट्रेलर घेऊन पायथ्यापर्यंत पाठवलं होतं."

"वर जा म्हणाली नाही?"

"नाही."

"मग तू फिरायला आलायस," काका म्हणाले. आणि थोडं थांबून, "हवा चांगली आहे."

तेवढ्यात पिकल पुढं झाली. वाट अरुंद, एका बाजूला ओढा. पिकलनं नुसते कान मागं टाकले. पाठीवर अख्खं हरीण घेतलेली डचेस, काकांच्या हातातला दोर ओढत, गुपचूप वाटेवरून उतरून पाण्यात उभी राहिली. पिकल तिच्या जागेवरून निघून गेली. डीकननं जाताना डचेसकडे बघितलंदेखील नाही.

काका बराच वेळ त्या पाण्यात उभ्या घोडीकडे बघत होते.

"हे कधीपासून?"

"जुलैपासून."

"कुणाकुणाला माहीत आहे?"

मी पोस्टमनचं नाव घेणार नव्हतो, पण निघून गेलं.

काकांनी मान हलवली. डचेसला वाटेवर घेतलं, तिच्या गळ्यातल्या घंटेचा पट्टा सोडला. तो इतकी वर्षं तिथं होता की खालचे केस झिजून गेले होते. ती जागा त्यांनी अंगठ्यानं चोळली. मग जाऊन पट्टा पिकलच्या गळ्यात घातला; तिच्या मानेला शेवटच्या भोकातसुद्धा तो तंग होत होता. तिला काही फरक पडला नाही. डचेसला मात्र काही म्हणाले ते हळू आवाजात, मला ऐकू आलं नाही आणि मी विचारलंही नाही.

मग त्यांचं लक्ष डीकनच्या खोगिराकडे गेलं. नारिंगी यंत्र डोळा मिचकावत होतं.

"म्हणजे अर्लिसनं सगळं बघितलं," काका म्हणाले.

खाली उतरेपर्यंत आम्ही काय सांगायचं याच्यावर विचार केला. खोटं बोलायचं नाही, हे काकांचं ठाम मत. खरं किती सांगायचं, याच्यावर मात्र त्यांचं मत तितकं ठाम नव्हतं. पेटारे आणायला उद्या परत वर जाऊ आणि तेव्हा काय ते सुचेल, असा एक बेत त्यांनी मांडला. पण मधूनमधून ते थांबून वर, झाडांच्या पलीकडे, बादली जिथं असेल त्या बाजूला बघत. मला वाटतं, निरोप घेत होते.

पायथ्याशी ड्वाइटमामांची गाडी उभी होती. मामा अंगात भडक नारिंगी जाकीट, खांद्यावर दोराचं वेटोळं, कमरेला वायरलेस, असे सजून उभे होते. झालं असं की ते शिडी परत करायला मावशीकडे गेले आणि त्यांनी फोन बघितला. (तोवर टोस्टचा वास गेला होता, असं मावशी म्हणते.) ठिपका खाली आला, थांबला आणि परत वर निघाला. मामांनी लगेच निदान केलं, डोक्याला मार लागून भरकटलाय. मावशीनं फोन हातात घेतला, जरा वेळ बघितलं आणि सांगितलं की हे एल्डन नव्हे. ते चालतात तर चालतात. हे चार पावलं जाऊन थांबतंय, म्हणजे हा वेड आहे आणि पिकलवर आहे. वेड हे माझं नाव.

मामा आम्हाला बघून इतके खूश झाले की आधी देवाचे आभार मानले आणि मग करार काढला. पोरगा वर गेला, माणसाला घेऊन आला, आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं, हातात हात दिला होता. रिकामा पलंग खिडकीच्या बाजूचा आहे, तोही त्यांनी उदार मनानं देऊ केला.

काका वाद घालणारे नव्हतेच. त्यांनी टोपी काढली. "दिला शब्द तो दिला," एवढं म्हणाले आणि डचेसच्या पोटाखालचा पट्टा सोडू लागले. बर्फात अडकलेल्या बसमधून पोरं काढताना हाच माणूस मी पाहिलाय. आज त्याला एक बक्कल सुटेना.

मावशी गाडीतून उतरली. तिनं आधी काकांना खालपासून वरपर्यंत बघितलं, मोडक्या खांद्यावर जरा जास्त वेळ. मग पिशव्यांना हात लावून बघितला, गाठी ओढून बघितल्या, दोन्ही बाजूंची वजनं हातानं उचलून बघितली. पिकलच्या गळ्यातली घंटाही तिनं बघितली.

"वेड, वर जा म्हणून तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही, मावशी."

"तू भेटलास तेव्हा हे काय करत होते?"

"चालत होते. खाली येत होते."

"आणि तू?"

"पडलो होतो," मी म्हटलं. खरं तेच.

मावशी मामांकडे वळली. "ड्वाइट, अट अशी होती की याला आणायला कुणाला जावं लागलं तर. याला कुणी आणलेलं नाही. हा हरीण बांधून आपल्या पायांनी येत होता. वाटेत पडलेलं पोरगं सापडलं, ते घेऊन आला."

मामांनी तोंड उघडलं. पिकलही परत घेऊन आलेच ना, पिकल पळून आली होती ना, असं ते काही तरी जुळवत होते.

"करारात घोडीचं काही नव्हतं," मावशी म्हणाली. "आणि त्या पलंगाचं तू मला विचारलंस का? तुझा तळ रस्त्याला लागून, तिथून हा दुसऱ्याच दिवशी घरी येईल. डोंगरात हा गेल्यावर घरात काय शांतता असते, तुला कल्पना नाही."

मामांना खरंच कल्पना नव्हती. त्यांनी दोराचं वेटोळं खांद्यावरून उतरवलं आणि नीट गुंडाळलेलंच असताना पुन्हा गुंडाळायला घेतलं.

आम्ही जनावरं ट्रेलरमध्ये चढवली. पिकल आधी. काका पुढं माझ्या शेजारी बसले, मावशी त्यांच्या पलीकडे खिडकीशी. डांबरी रस्ता लागेपर्यंत कुणी बोललं नाही. काका तसे कधीच बोलत नाहीत, पण न बोलण्यातही प्रकार असतात, आणि हा बरा प्रकार होता.

"पुढच्या वर्षी," मावशी बाहेर बघत म्हणाली, "दोन दिवस आधीच निघ."

काकांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. "का?"

"हरणं जास्त असतात म्हणे."

काकांनी त्यावर मान डोलावली. मी गाडी चालवत होतो, रस्त्याकडेच बघत राहिलो.